खुंटीवरचा गज

माझ्या माहेरच्या घरात शिरलं की सगळ्यांची नजर आधी ओटीवरच्या खुंटीकडे जाते. आता तिथे बहुतेक वेळा काही नसतं, तरी जाते. लहानपणापासून त्या खुंटीवर एक लोखंडी गज टांगलेला असायचा किंवा नसायचा, आणि तो आहे की नाही यावर त्या दिवशी घरात कसं वागायचं ते ठरायचं.

वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. आजोबांच्या काळापासूनचा शेत-संरक्षणाचा परवाना, तो पुढे वडिलांच्या नावावर झाला. या बंदुकीला आयतं काडतूस चालत नाही. प्रत्येक बार हाताने भरावा लागतो. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर डाट म्हणजे बूच बसवायचं, मग छर्रे, वर आणखी एक डाट, आणि सगळं गजाने ठासायचं. मागे घोड्याखाली एक चिमुकली टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. पंचाईत अशी की बार भरलेला आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. म्हणून आजोबांनी नियम घालून दिला होता: बंदूक रिकामी असेल तर गज नळीखाली त्याच्या जागेवर, भरलेली असेल तर खुंटीवर. आम्हा भावंडांना अक्षरओळख व्हायच्या आधी हा नियम पाठ झाला होता. गज खुंटीवर दिसला की आम्ही ओटीवर खेळायचो नाही.

आमचं गाव पनवेलच्या पूर्वेला, डोंगराला टेकून आहे. खालच्या बाजूला जमिनी गेल्या, इमारती आल्या, विमानतळ येणार येणार म्हणून सगळे आभाळाकडे बघत बसले. वडिलांच्या भावांनीही जमिनी विकल्या. वडील मात्र भात लावत राहिले. इकडे माणसं वाढली तशी तिकडे जंगलातली डुकरं खाली सरकली, आणि भात पोटरीला आलं की त्यांचा कळप नेमका आमच्याच शेतात उतरू लागला, कारण आजूबाजूला दुसऱ्या कुणाचं शेतच उरलं नव्हतं. एका रात्रीत अर्धं शेत आडवं. सकाळी वडील बांधावर उभे राहून बघायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "बंदूक हाय म्हनून शेत हाय. ती गेली की मी बी इकून टाकीन." हे ते इतक्या वेळा बोलले होते की आम्हाला त्यात धमकी ऐकू यायची बंद झाली होती. पण ते खरं होतं.

मी लग्नानंतर नवीन पनवेलला राहायला गेले. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करत होते. आलेला माल मोजायचा, तपासायचा, कालच्यासारखाच आज आहे का ते बघायचं, हे माझं काम. त्यामुळे माझ्या स्वभावात एक खोट शिरली आहे. कुणी अंदाजाने मीठ घातलं तरी माझ्या कपाळाला आठी पडते. रविवारी माहेरी गेले की वडिलांचं बार भरणं बघून माझा जीव कासावीस व्हायचा. दारू ते तळहातावर घ्यायचे. डाट कधी काथ्याचा, कधी गोणपाटाचा, कधी जुन्या बनियनचा. आणि ठासण्याचं तर विचारूच नका. सरकारवर चिडलेले असले की ते गज जोरात ठासत, भावाचा फोन येऊन गेला असला की आणखी जोरात, आणि जेवण चांगलं झालं असलं की हलकेच. मग छर्रा कधी बांधावर, कधी आंब्यावर, कधी देवाला माहीत कुठे.

त्या वर्षी वनखात्याकडून डुक्कर मारायची परवानगी त्यांना मिळाली होती. मी म्हटलं, "बाबा, अशान डुकर मरायचा नाय. जखमी होईल आनि कुनाच्या तरी अंगावर जाईल."

"मंग तू भर," ते म्हणाले.

असं आमचं ते प्रकरण सुरू झालं. गणपती जाऊन भात फुलोऱ्यात आलं तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही बाप-लेक खळ्यावर. समोर मातीचा उंच बांध, बांधाला टेकवून पत्र्याचा एक तुकडा, त्यावर चुन्याने काढलेला गोल. मी आधी तळहातावर दारू घेणं बंद केलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतं ते प्लास्टिकचं टोपण माप म्हणून ठरवलं. छर्रे एकसारखे निवडून घेतले. तांदूळ निवडावेत तसे सुपात घेऊन निवडले, तेव्हा आई ओटीवरून बघत होती.

डाटाचं कोडं सुटायला वेळ लागला. काथ्या दर वेळी वेगळा दबतो. बनियनचा तुकडा पेट घेऊन शेतात पडायचा. शेवटी घरातल्या एका पिशवीकडे माझं लक्ष गेलं. आमच्या लोकांत लग्नपत्रिका ही काय चीज असते ते पनवेलकरांना सांगायला नको. जमिनी गेल्या तशा पत्रिका जाड होत गेल्या. मखमल, सोनेरी अक्षरं, आत गणपती, त्याच्या आत आणखी एक गणपती, आणि आमंत्रण देणाऱ्यांची गावभर नावं. टाकून देववत नाहीत म्हणून आई त्या पिशवीत भरून ठेवायची. चांभाराकडून पट्ट्याला भोक पाडायचा मोठा पंच आणला आणि पत्रिकांच्या चकत्या पाडल्या. नळीत अशा चपखल बसल्या की वडील पहिल्यांदा हसले. "कुनाच्या लग्नाचा हाय बग आदी," म्हणाले, "मोडलेल्या लग्नाचा नको."

राहिलं ठासणं. त्यावर मी एकच उपाय केला. वडिलांना ठासताना बोलू दिलं नाही. सरकार नाही, भाऊ नाही, काही नाही. गजावर खुणेचा दोरा बांधला, त्या खुणेपर्यंत गज उतरला की बस. हळूहळू पत्र्यावरची भोकं जवळ येऊ लागली. मग एका रविवारी सगळे छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसले, पुन्हा भरला तर पुन्हा तिथेच, तिसऱ्यांदा भरला तरी तिथेच. वडील पत्रा हातात घेऊन घरभर फिरले. शेजारच्यांना दाखवला. त्यांना इतका आनंद मी पदवी मिळवली तेव्हाही झाला नव्हता, आणि हे मी त्यांना बोलूनही दाखवलं.

आणि तरीही शेतात काहीच होईना. दिवसा खळ्यावर नीट चालणारी बंदूक रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावर नेली की दगा द्यायची. वडील दुपारी बार भरून बंदूक ओटीवर ठेवत, संध्याकाळी जेवून माळ्यावर जात. डुक्कर समोर येई, हे घोडा ओढत, टोपी फुटे आणि आतून नुसतं फुस्स. आवाजाने कळप पळून जाई, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सकाळी गजाच्या टोकाला असलेल्या मळसूत्राने त्यांनी बार खेचून काढला की दारू ओली. वडील माझ्याकडे असे बघायचे जणू मीच पाऊस पाडला. मी त्यांना समजावलं. संध्याकाळी लोखंड थंड पडतं, नळीतल्या हवेचं पाणी होतं, शिवाय डोंगराखालचं दव. नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावायला सांगितलं. तरी दारू ओलीच. मग मी म्हटलं, पिशवीलाच आतून घाम सुटतो. इतक्या आत्मविश्वासाने म्हटलं की शेजारचेही आपल्या घरी जाऊन हेच सांगू लागले.

एवढ्यात विधानसभेची निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, निकाल लागला की परत मिळतात. भात पिकायची आणि निवडणुकीची वेळ एकच, त्याला कोण काय करणार. दर खेपेला वडील आधी शेतात जाऊन भरलेला बार उडवून टाकत, बंदूक पुसत, आणि मग घेऊन जात. त्या खेपेला पोलीस पाटील सकाळी चहाच्या वेळी आला आणि म्हणाला, आजच दुपारच्या आत जमा करा, आणि आचारसंहिता लागलीय, गावात बार काढायचा नाही.

मी तिथे नव्हते. माझी सुट्टी होती म्हणून थोड्या वेळाने स्कूटीवर सहज माहेरी आले. घरात कुणी नव्हतं. आई गवताला गेलेली, तिचा फोन कपाटावर चार्जिंगला. शेजारणीने सांगितलं, तुझा बाबा बंदूक घेऊन ठाण्यात गेलाय, गोणपाटात गुंडाळून, टमटममधून. मी बरं म्हटलं आणि ओटीवर चढले.

गज खुंटीवर होता.

मी तशीच उभी राहिले. आधी वाटलं, विसरले असतील. पण वडील चप्पल विसरतील, गज नाही विसरायचे. रिकाम्या बंदुकीत गज आपोआप जातो, त्यांच्या हाताला ती सवय आहे. गज इथे आहे म्हणजे बंदूक भरलेली गेली आहे. आणि भरलेली म्हणजे साधी नाही. खोकल्याच्या टोपणाने मापलेली, पत्रिकेच्या चकतीने बंद केलेली, रात्री दगा दिला तरी दिवसा नक्की उडणारी. मी लगेच फोन लावला. वडिलांचा फोन देवळीत वाजला.

मी गज घेतला आणि निघाले. का घेतला ते मला आजही सांगता येणार नाही. मागे राहिलेली वस्तू पोहोचवायची असते, एवढंच असेल. लोखंडी गज स्कूटीवर कसा न्यायचा याचा काही शास्त्रोक्त मार्ग नाही. मी तो पायांमध्ये उभा धरला, त्याचं टोक माझ्या हनुवटीच्याही वर. हायवेवर न्हावा शेव्याचे कंटेनर एकामागून एक, आणि त्यांच्या बाजूने मी. एका सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई म्हणाली, "ताई, हा पडद्याचा रॉड कुठे मिळाला?" मी तिला काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

वाटेत डोक्यात दोनच गोष्टी फिरत होत्या. एक, कुणाला तरी लागेल. दोन, परवाना जाईल. भरलेली बंदूक ठाण्यात जमा करणाऱ्या माणसाला सरकार पुन्हा बंदूक कशाला देईल? बंदूक गेली की शेत जाणार. शेत गेलं की वडील ओटीवर बसून दिवसभर टीव्ही बघणार, त्यांच्या भावांसारखे. मला त्यांचं तसं झालेलं बघायचं नव्हतं. रागही खूप आला होता. एवढा मोठा माणूस, एवढा साधा नियम.

ठाण्याच्या आवारात बंदुका घेतलेली माणसं ओळीने उभी होती. बहुतेक म्हातारे, गोणपाट, जुनी लुगडी, खताच्या पिशव्या यांत बंदुका गुंडाळलेल्या. पुढे टेबल टाकून एक हवालदार बसला होता. दरवेळी नुसतं तोंडी विचारायचे, रिकामी आहे ना? या खेपेला तो हवालदार स्वतः तपासत होता. त्याच्याकडे टोप्यांची डबी होती. बंदूक घ्यायची, टोपी लावायची, नळीचं तोंड आगीसाठी ठेवलेल्या लाल बादलीतल्या वाळूत खुपसायचं आणि घोडा ओढायचा.

मी फाटकातून आत आले तेव्हा वडिलांची बंदूक त्याच्या हातात होती आणि नळी वाळूत होती. वडील टेबलापाशी उभे, आणि त्यांचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा तसा पाहिला. तोंड उघडं, हात अर्धा पुढे गेलेला. मी "बाबा" म्हणून ओरडले. ओरडून काय उपयोग होणार होता कुणास ठाऊक.

टप् असा आवाज झाला.

एवढंच. टोपी फुटली, धुराची एक रेघ वर गेली, वाळूचा कणही हलला नाही. हवालदार म्हणाला, "रिकामी. नाव सांगा काका." त्याने बंदुकीला चिठ्ठी बांधली आणि मागच्या खोलीत नेऊन इतर बंदुकांबरोबर भिंतीला उभी केली.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्या झाडाच्या पारावर बसले. वडील माझ्याजवळ आले, हातातल्या गजाकडे बघितलं आणि शेजारी बसले.

"बार व्हता," ते हळूच म्हणाले.

"माहीत हाय. गज खुंटीला व्हता."

"रविवारचा व्हता, मंग डुकरच आला नाय. तू भरलास तसाच. उडवू देईनात, आनि उपसायचा माजा जीव झाला नाय. इतका चांगला बार. म्हनून टोपी काढली. टोपी नाय म्हंजे बार झोपलेला."

आमच्याकडचे सगळे जुने लोक असंच मानतात. टोपी काढली की त्यांच्या लेखी बंदूक रिकामी. मी आवाज दाबून जेवढं भांडता येतं तेवढं भांडले. मग म्हटलं, "सुटलो ना? आता चला घरी." खरंच, मला तिथून पळायचं होतं. परवाना वाचला होता, कुणाला काही झालं नव्हतं, कुणाला काही कळलंही नव्हतं.

वडील उठले, पण फाटकाकडे गेले नाहीत. मागच्या खोलीच्या दारात एक पोलीस मुलगी खुर्चीवर बसून डबा खात होती. तिच्या पाठीमागेच भिंतीला त्या बंदुका. वडील तिच्याकडे बघत होते. "ती आत बसते," म्हणाले. "बार जागा झाला त?" आणि ते सरळ हवालदाराच्या टेबलापाशी गेले. मी त्यांचा सदरा धरला होता, तो सुटला. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही, आणि तेवढा अभिमानही.

"साहेब," ते म्हणाले, "माजी बंदूक रिकामी नाय. बार हाय आत."

हवालदार आधी हसला, मग त्याचा चेहरा बदलला. आवारातली कुजबुज थांबली. तो उठला आणि वडिलांना सगळ्यांसमोर असं झापलं की मला कान झाकून घ्यावेसे वाटले. "काका, अक्कल आहे का? मी घोडा ओढला आत्ता! उडाला असता म्हणजे? परवाना कायमचा काढून घेतला तर काय कराल?" वडील मान खाली घालून उभे. शेवटी तो म्हणाला, "काढा. माझ्यासमोर काढा. कशाने काढणार?"

मी पुढे झाले आणि गज दिला. त्याने माझ्याकडे, गजाकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

झाडाखाली वडिलांनी फुटलेली टोपी काढून टाकली आणि बंदूक आडवी धरून गजाचं मळसूत्र नळीत फिरवलं. आधी वरची चकती आली. सोनेरी अक्षरांत चि. सौ. कां. एवढं वाचता येत होतं, बाकी भिजून फुगलेलं. हवालदाराने ती बोटांत धरून बघितली. "कुणाचं लग्न?" म्हणाला. मग छर्रे घरंगळले. मग दुसरी चकती, ती तर लगदाच झाली होती. आणि मग वडिलांनी नळी खाली केली तसं काळं पातळ पाणी थेंब थेंब गळायला लागलं, थांबेचना. वाटीभर तरी असेल.

हवालदाराने वास घेतला, बघितलं आणि तो मोठ्याने हसला. "काका, हा बार आहे की नाचणीची आंबील? याने चिमणीसुद्धा उडाली नसती." मागे उभे असलेले म्हातारेही हसले. त्याने नळी फडक्याने पुसून कोरडी करायला लावली, स्वतः गज आत घालून तळापर्यंत जातो का ते पाहिलं, आणि बंदूक पुन्हा ठेवून घेतली. "स्वतःहून सांगितलंत म्हणून सोडतोय. पुढच्या वेळी घरून उपसून आणायची. चला, पुढचा." रांगेतल्या आणखी एका म्हाताऱ्याने गुपचूप आपली बंदूक काखेत मारली आणि तो बाहेर निघून गेला. त्याच्याही खुंटीवर काहीतरी असणार.

परतताना वडील माझ्या मागे बसले, गज हातात उभा धरून. ऊन चांगलंच तापलं होतं आणि मला ते ऊन, तो धूर, ते कंटेनरचे हॉर्न, सगळं आवडत होतं. कळंबोलीकडून येणाऱ्या लोखंडाच्या ट्रकांचाही मला राग आला नाही. पण गावाच्या वळणावर मी वेग कमी केला. ओटीवर छपराखाली ठेवलेली बंदूक, नळीला पिशवी, पिशवीला रबर, आणि आत वाटीभर पाणी. हवेचं पाणी होतं, पण वाटीभर होत नाही. हे मला, पगार घेऊन मोजमाप करणारीला, इतके दिवस सुचलं नव्हतं.

"दव नाय ता," मागून वडील म्हणाले. त्यांनाही तेच दिसलं होतं.

आई आली होती. गवताचा भारा अंगणात टाकून पाय धूत होती. आमचे चेहरे आणि वडिलांच्या हातातला गज बघून ती थांबली. "काय झाला?"

वडिलांनी सगळं सांगितलं. वाळूची बादली, टप् आवाज, आंबील. आईने तांब्या खाली ठेवला आणि पायरीवर बसली. घाबरली होती ती. मग एकदम म्हणाली, "बरा झाला मी वतला त."

"काय वतलास?"

"पानी. आनि काय. पिशवी काडून रोज वततं."

मी हसायला लागले, कारण दुसरं काही सुचेना. वडील हसले नाहीत. आई मात्र आता बोलायला लागली होती आणि ती सहसा इतकं बोलत नाही. तिचा थोरला भाऊ तिच्या लहानपणी डुकराने फाडला होता, हे आम्हाला माहीत होतं. ते डुक्कर कुणाच्या तरी बाराने अर्धवट जखमी झालेलं होतं, आणि भाकरी घेऊन गेलेली ती पोर लांबून ते बघत होती, हे माहीत नव्हतं. वडिलांनाही नव्हतं. "बार नाय लागला त डुकर पलतं," ती म्हणाली. "लागून मेला नाय त अंगावर येतं. आदी तुमचा नेम नव्हता, मना भ्या नव्हता. जायाचा छर्रा आंब्यावर. तरी जरा पानी टाकायची. मंग ही आली शिकलेली." ती माझ्याकडे वळली. "पत्रा दाखवीत फिरले घरभर. तवापासून तांब्याभर वततं. पत्रिकंतून पानी झिरपतं, येल लागतो, पन झिरपतं."

म्हणजे आम्ही बाप-लेक दर रविवारी नेम सुधारत होतो, आणि जेवढा नेम सुधारत होता तेवढं आई पाणी वाढवत होती. मला वडिलांची दया आली, आईची आली आणि माझ्या त्या दवाच्या भाषणांची लाज वाटली. पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती. त्या दिवशी वाळूत नळी खुपसलेली असताना आत आईचं पाणी होतं. नुसती टोपी काढलेली असती आणि पाणी नसतं, तर आज मी ही गोष्ट अशी सांगत बसले नसते.

वडील म्हणाले, "सांगायचास ना."

"सांगितला असता त माळ्यावर गेले नसते काय?"

वडील उठले आणि गज खुंटीवर टांगायला गेले, मग बंदूकच घरात नाही हे लक्षात येऊन हातात घेऊन उभे राहिले. शेवटी तो दाराच्या कोपऱ्यात टेकवला.

त्या निवडणुकीच्या दिवसांत शेत पत्र्याचे डबे वाजवून, फटाके लावून आणि माझ्या नवऱ्याच्या जुन्या टेपवर भाषणं लावून राखलं. भाषणांना डुकरं सगळ्यात जास्त घाबरली असं वडील म्हणतात. भात कापून झालं आणि मग बंदूक परत आली. नेमाचा तो पत्रा आईने कोंबड्यांच्या खुराड्याला लावला, हवा चांगली जाते म्हणून.

पुढच्या वर्षी भात पोटरीला आलं तेव्हा मी एका दुपारी माहेरी होते. वडील ओटीवर बसून बार भरत होते. खोकल्याच्या टोपणाने दारू, वर पत्रिकेची चकती, खुणेपर्यंत गज. छर्ऱ्यांची डबी बाजूला बंद होती. ती त्यांनी उघडलीच नाही. वर आणखी एक चकती ठासली आणि झालं. आवाज होईल, धूर होईल, कुणाला काही लागणार नाही. नियम तो नियम, म्हणून गज खुंटीवर टांगला. मग ते आत गेले, माठातून तांब्या भरून आणला, बंदुकीशेजारी ठेवला आणि आईकडे न बघता अंघोळीला निघून गेले.

आई चुलीकडून आली. तिने बंदुकीकडे बघितलं, छर्ऱ्यांच्या बंद डबीकडे बघितलं. तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं.